वानखेड्यांची बिनबंदुकीची माणसं

वानखेड्यांना एक माणूस तयार करायला पाऊण तास लागायचा. आम्ही बाकीचे तेच काम दोन मिनिटांत उरकायचो. कॉम्प्युटरवर खेळ सुरू झाला की पहिला पडदा यायचा तो माणूस घडवायचा. त्याचं नाव, त्याचा चेहरा आणि त्याला काय काय येतं त्याचे पॉइंट. आम्ही पटापटा आकडे भरून पुढं जायचो आणि वानखेडे खणातून दोनशे पानी वही काढायचे. पेनाचं टोपण मागं लावायचे, समास आखायचे आणि लिहायला लागायचे: "नामदेव. वय छत्तीस. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आई आंधळी. कुत्र्यांना घाबरतो." एवढं झाल्यावर पहिला पॉइंट पडायचा.

"पॉइंट आधी वाटायचे नसतात बाप्पा," ते म्हणायचे. "आधी माणूस ठरवायचा. मग त्याला काय येते ते तोच सांगते."

आमची नोकरी ऐकून लोकांना हेवा वाटायचा. दिवसभर खेळ खेळायचा आणि त्याचा पगार घ्यायचा! माझी मावशी तर "आमच्या केतकीला खेळायची नोकरी लागली" असं लग्नाकार्यात सांगत सुटली होती, आणि ऐकणाऱ्यांना मी एक तर क्रिकेटपटू वाटायचे किंवा वाया गेलेली. त्या काळात हिंजवडीचं नाव काढलं की पुण्यातल्या आईबापांचे डोळे चमकायचे. आमचं ऑफिस हिंजवडीत नव्हतं. ते होतं बिबवेवाडीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर खालून खोक्यांना पिना मारल्याचे आवाज यायचे आणि वर आम्ही सातजण परदेशातल्या एका कंपनीचा खेळ तपासत बसायचो. खेळ बाजारात यायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम. खेळाचं नाव कुणाला सांगणार नाही अशा कागदावर माझी सही आहे, आणि ती सही मी अजून पाळते. दुसरी एक सही मी पाळली नव्हती, त्याचीच ही हकिगत आहे.

खेळ असा होता. मोठं युद्ध होऊन जग संपलंय. उरलेली मूठभर माणसं एका बंद पडलेल्या शीतगृहात राहतात. त्यांचं बियाणं कुजलंय. आपल्या माणसानं डोंगर ओलांडायचा, एका पुलावरून पलीकडं जायचं आणि तिथल्या बीजकोठारातून नवं बियाणं आणायचं. वाटेत चोर, पिसाळलेली कुत्री, उपाशी गावं. बंदूक, चाकू, चोरी, कुलपं उघडणं, दुरुस्ती, औषधोपचार, बोलणं अशी कौशल्यं. सुरुवातीला थोडे पॉइंट मिळायचे ते यांच्यात वाटायचे, पुढं अनुभव वाढेल तसे आणखी मिळायचे. "एकदाही बंदूक न उचलता शेवटापर्यंत पोचा," अशी जाहिरात त्या कंपनीला करायची होती. ते खरं आहे का, हे बघायला आम्ही होतो. प्रत्येकाला दोन-तीन मार्ग वाटून दिलेले. आपला माणूस घेऊन त्या मार्गानं शेवटापर्यंत चालायचं आणि तक्त्यात "पूर्ण" लिहून सही करायची.

पहिल्याच दिवशी मला वानखेड्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. मी माझा माणूस केला आणि सगळ्या कौशल्यांत सारखे पॉइंट टाकले. कुणावर अन्याय नको! वानखेड्यांनी मान वाकडी करून माझ्या पडद्याकडं बघितलं.

"मॅडम, ही खिचडी आहे."

"का? सगळं थोडं थोडं येतं त्याला."

"हो ना. सगळं थोडं थोडं येणारा माणूस दुसऱ्या गावात मरते."

दुसऱ्या गावात एका कुत्र्यानं माझ्या माणसाला फाडून खाल्लं. वानखेड्यांनी डब्यातला झुणका माझ्याकडं सरकवला. सांत्वनाची त्यांची पद्धत ही होती. त्या दिवसापासून मी "मॅडम"ची "केतकी" झाले.

ते हिंगणघाटकडचे. वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा वडील अंगात दुसऱ्याचा सदरा घालून गेले होते, हे वानखेडे अभिमानानं सांगायचे. स्वतः वानखेड्यांनी बी.ए. करून अकरा वर्षं इंग्रजी टायपिंगचा क्लास चालवला. घरोघरी कॉम्प्युटर आले तसा क्लास बसला. मग डेटा एंट्री, मग हे. आमच्यात ते सगळ्यांत मोठे, पस्तिशी ओलांडलेले, आणि कायम न झालेले ते आणि मी असे दोघंच. ते कंत्राटावर, मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. एकदा मी विचारलं, "तुम्हाला या खेळाची एवढी समज कुठून आली?" तर म्हणाले, "आमच्या घरी सुरुवातीचे पॉइंट कमीच होते ना. बाबांनी सगळेच्या सगळे एका जागी टाकले. शाळेत. बाकी सगळं शून्य. कुत्रा आला असता तं मेलोच असतो आम्ही."

त्यांची माणसं सगळी अशीच. बंदूक कुणालाच नाही. "बंदुकवाला कोणीही पोचवते. मला बिनबंदुकीचा पोचवून दाखवा," हे त्यांचं पालुपद. माणूस मेला तर ते खेळाच्या मागच्या जतन केलेल्या नोंदीवर जाऊन त्याला जिवंत करायचे नाहीत. वहीत त्याच्या नावापुढं एक आडवी रेघ मारायचे आणि नवं पान उघडायचे. कामाला याचा उपयोग शून्य, उलट वेळ जायचा. साठे सर, आमचे मॅनेजर, एकदा त्यांच्या मागं उभे राहून म्हणाले, "वानखेडे, तेराव्याला किती पानं मांडलीत?" सगळे हसले. वानखेडेही हसले, आणि त्यांनी रेघ मारलीच.

माझ्या वाट्याला आलेला मुख्य मार्ग होता बोलणं, औषधोपचार आणि दुरुस्तीचा. म्हणजे तोच तो बिनबंदुकीचा. वानखेड्यांनी मला वहीचं एक पान फाडून दिलं आणि माणूस लिहायला लावला. मी लिहिलं: "मंगल. वय बेचाळीस. दवाखान्यात कंपाउंडर. सासू बहिरी, त्यामुळं मोठ्यानं आणि सोपं बोलायची सवय." हे वाचून ते इतके खूश झाले की त्यांनी ते दोनदा वाचलं. "ही पोचणार," म्हणाले. मंगल खरोखर पुलापर्यंत गेली. तिनं चोरांच्या टोळीतल्या एका पोराचा ताप उतरवला, एका गावाची पाणचक्की सुरू करून दिली आणि पुलावरच्या पहारेकऱ्याला बोलून बोलून वाट मोकळी करून घेतली. एवढ्याला जवळजवळ तीन आठवडे लागले.

आणि मग मी ती चूक केली. आमच्या ऑफिसात एक सोय होती. कुणाला खेळातली एखादीच जागा बघायची असेल तर तिथपर्यंत सगळं चालत जायला नको, म्हणून तयार माणसांचा एक साठा ठेवलेला असायचा. सगळं येणारे, दणकट, बंदूकधारी. आम्ही त्यांना "भाड्याची माणसं" म्हणायचो. जागा बघायला भाड्याचा माणूस चालतो, पण मार्गाची सही करायची तर आपल्याच माणसानं चालायचं, हा नियम. मंगल पुलाशी पोचली तेव्हा साठे सरांनी मला चार दिवस दुसऱ्या कामाला लावलं. परत आले तर तक्त्यात सगळ्यांचे मार्ग "पूर्ण" आणि माझा एकटीचा रिकामा. उमेदवारी संपायला महिना उरलेला. बाबांनी पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, आपल्या मनानं नव्हे तर घ्यायला लावली म्हणून, आणि घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न असायचा: कायमचं पत्र कधी मिळणार? मी म्हटलं, पूल ओलांडल्यावर सगळ्यांचा रस्ता सारखाच तर आहे. भाड्याचा माणूस घेतला, पुलापलीकडून तासाभरात शेवट गाठला आणि मंगलच्या मार्गापुढं "पूर्ण" लिहून सही केली.

पुढचे पंधरा-सोळा दिवस काहीच झालं नाही. मला तर ते खरंच वाटायला लागलं होतं.

वानखेड्यांचे मार्ग तोवर संपले होते. आपला तक्ता भरला की बाकीचे निवांत गाणी ऐकायचे. हे गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत, हौसेनं, एक सुईण घेऊन बिनबंदुकीच्या मार्गानं निघाले. शेवंता तिचं नाव. एका गुरुवारी चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारलं, "केतकी, कोठारातल्या राखणदारापुढून तू कशी गेली?"

भाड्याच्या माणसानं त्या राखणदाराला तीन गोळ्या घातल्या होत्या.

"बोलून," मी म्हटलं.

"काय बोलली?"

"आता आठवत नाही हो. बरेच दिवस झाले."

"हं," ते म्हणाले. "माझ्याशी तं तो बोलूनच नाही राहिला. दिसलं की गोळी घालते."

शुक्रवारी दिवसभर त्यांनी मला काही विचारलं नाही. मी मात्र त्यांच्या प्रत्येक हालचालीकडं बघत होते. ते पाणी प्यायला उठले तरी मला वाटायचं, साठे सरांकडंच निघाले. सोमवारी संध्याकाळी तक्ता परदेशी जायचा होता. त्यात बिनबंदुकीचा मार्ग खोटा निघाला तर माझं पत्र गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पाच वाजता सगळे उठले. वानखेडे खुर्ची माझ्याकडं वळवून हळू आवाजात म्हणाले, "मी तुझ्या नोंदी पाहिल्या. तुझी मंगल अजून पुलाच्या अलीकडंच उभी आहे."

खेळ जिथं थांबवतो तिथली नोंद कॉम्प्युटरमध्ये राहते. मंगलची शेवटची नोंद पुलाशी होती. त्यापुढं तिची एकही नव्हती. नोंदी पुसायचं किंवा बनवायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, इतकी मी नवखी चोर होते.

मी रडायच्या बेतात होते. म्हटलं, "तुम्ही सांगणार?"

"थांब. आधी पाहू तं खरं, रस्ता आहे का," ते म्हणाले. "मला नसेल दिसला. उद्या-परवा ये. तुझी बाई तूच पलीकडं ने. ती पोचली तं तुझी सही खरी होते."

शनिवारी आणि रविवारी आम्ही दोघं ऑफिसात बसलो. रविवारी खालचा कारखाना बंद असल्यामुळं पिनांचा आवाजही नव्हता. वानखेड्यांनी मंडईतून येताना पेरू आणले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. मंगलनं पूल ओलांडला. कोठाराच्या दारात पोचेपर्यंत तिच्याकडं वाटायचे आठ पॉइंट जमले होते. एवढे आठ आणि आत बसलेला म्हातारा राखणदार, जखमी पायाचा, मांडीवर बंदूक घेतलेला.

"कुठं टाकतेस?" वानखेड्यांनी विचारलं.

"बोलण्यात."

आठही पॉइंट बोलण्यात टाकले. दार उघडलं. राखणदारानं बंदूक उचलली आणि मंगल पडली. बेचाळीस वर्षांची कंपाउंडर, सासू बहिरी. मला ती आकड्यांची बाहुली आहे हे कळत होतं, तरी मला पडद्याकडं बघवेना.

वानखेड्यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि, ज्या माणसानं कधी कुणाला मागं जाऊन जिवंत केलं नव्हतं त्यानं, मागची नोंद उघडली. मंगल पुन्हा दारात उभी राहिली. "आज करू दे," ते पुटपुटले. माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही.

आठ पॉइंट औषधोपचारात. यावेळी लांबूनच पायाची पट्टी फेकली. म्हाताऱ्यानं ती बांधली, बांधलेल्या पायावर उभा राहिला आणि गोळी घातली. आठ दुरुस्तीत. मंगलनं भिंतीबाहेरून कोठाराचं थंडाव्याचं यंत्र सुरू केलं, आत गारवा आला, गोळी आली. चार-चार. तीन-तीन-दोन. मागच्या दारानं. अंधारात. हात वर करून. रविवारी दुपारी बारापर्यंत मंगल किती वेळा मेली ते मी सांगणार नाही. दर वेळी वाटायचं, आता बोलेल. म्हातारा तोंड उघडायचाच नाही.

शेवटी वानखेडे म्हणाले, "एक गंमत करू. बंदुकीत टाक."

"पण तिच्याकडं बंदूकच नाही."

"टाक तं खरी."

मी आठ पॉइंट बंदुकीत टाकले. मंगल रिकाम्या हातानं आत गेली. राखणदारानं तिच्याकडं बघितलं आणि बंदूक खाली ठेवून तो बोलायला लागला. सगळं सांगितलं त्यानं. मेलेली बायको, बियांची नावं, कुठल्या डब्यात काय आहे. पडद्यावर ओळींमागून ओळी येत होत्या. ज्यानं कुणी तो संवाद बांधला होता त्यानं चुकून अट उलटी घातली होती. बंदूक चालवता येत असेल तरच म्हातारा बोलणार.

वानखेडे खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे बोलायचं असेल तं आधी गोळी घालता आली पाहिजे," ते म्हणाले. "बाहेर पण असंच आहे म्हणा. पण यांनी जाहिरातीत उलटं लिहिलंय."

मला हसू आलं नाही. बंदूक न शिकलेल्या माणसाला रस्ता नव्हता. माझी सही खोटी होती, आणि आता ते दोघांना माहीत होतं.

"आता काय?" मी विचारलं.

"आता मी चूक लिहून देणार. ते तं करावंच लागेल. कोणी तरी चाळीस तास घालून इथपर्यंत बिनबंदुकीचा येईल आणि दारात मरेल. त्याला काय सांगायचं?" मग म्हणाले, "तुझं नाव मी घेणार नाही. पण कोणी मला विचारलं तं लपवणार पण नाही. तू सांगितलं तं बरं होईल. तुझ्यासाठी बरं होईल म्हणून नाही सांगून राहिलो. बरं होईल, एवढंच."

सोमवारी सकाळी अकराला साठे सरांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. त्यांच्या हातात वानखेड्यांनी लिहिलेलं पान होतं. साठे सर आवाज चढवत नसत. आवाज न चढवता सोलणारी पुण्यातली जी एक जात आहे, त्यातले ते होते.

"तक्ता म्हणतो, बिनबंदुकीचा मार्ग पूर्ण झाला. वानखेडे म्हणतात, हा मार्ग पूर्ण होऊच शकत नाही. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि तक्त्याला तोंड नाही." त्यांनी चष्मा काढला. "वानखेडे, असं तर नाही ना, की तिथले संवाद आपल्याला नीट समजले नाहीत? इंग्रजी जरा वरच्या दर्जाचं आहे. आपण टायपिंग शिकवत होतात, ते वेगळं."

कुणीतरी फिसकन हसलं. वानखेड्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते टेबलाकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"केतकी, हा मार्ग तुझा," साठे सर म्हणाले. "तू पोचलीस ना?"

मला अजून ती खोली आठवते. खालून पिना मारल्याचा आवाज येत होता. बाबा आठवले. पत्र आठवलं. आणि मी म्हणाले, "हो."

"संपलं तर मग. वानखेडे, हे मागं घ्या. आपलं कंत्राट या महिनाअखेर संपतंय, ते कशाला आणखी अवघड करता?"

"मागं नाही घेत सर," वानखेडे म्हणाले. आवाज अगदी साधा. "मी पाहिलं ते लिहिलं."

"मग मी वगळतो," साठे सर म्हणाले आणि पान घडी करून खिशात घातलं. सगळे उठले. वानखेडे आपल्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी वही खणात ठेवली.

मी जिन्याजवळच्या बेसिनशी गेले. तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी कुणी वाईट मुलगी नव्हते. शाळेत कॉपी केली नव्हती, रिक्षावाल्यानं जास्त सुटे दिले तर परत करायचे. मग मघाशी माझ्या तोंडून ते "हो" इतकं सहज कसं निघालं, हे मला कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून जास्त भीती वाटत होती. नळ चालू ठेवून मी तिथं दहा मिनिटं उभी होते. मग साठे सरांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पूल, भाड्याचा माणूस, शनिवार-रविवार.

त्यांना धक्का बसला नाही. "दार लावून घे," ते म्हणाले. मग समजुतीच्या सुरात: "हे बघ. तू मला सांगितलंस, तुझं मन मोकळं झालं. आता हे इथंच राहू दे. वानखेड्यांचं कंत्राट तसंही वाढवणार नव्हतो. तक्ता जाऊ दे. तुझं पत्र मी तयार करून ठेवलंय."

पत्र खरंच टेबलावर होतं. माझं नाव मला उलटं दिसत होतं. खरं सांगते, एक क्षण माझा हात पुढं गेला. आणि मग मला वानखेड्यांच्या कानाच्या त्या लाल झालेल्या पाळ्या आठवल्या. पत्र तिथंच ठेवून मी बाहेर आले. आपापल्या मार्गाचा शेरा संध्याकाळपर्यंत ज्याचा त्याला बदलता यायचा, आणि बदलला की तो थेट तिकडच्या कंपनीलाही दिसायचा. मी "पूर्ण" खोडून "अपूर्ण" लिहिलं. खाली कारण लिहिलं: सही करताना मी हा मार्ग स्वतः चालले नव्हते, मार्ग बंद आहे हे वानखेड्यांनी शोधलं, त्यांचा अहवाल सोबत. त्यांनी लिहिलेलं पान तर साठे सरांच्या खिशात होतं, म्हणून मी वानखेड्यांना म्हटलं, "सर, पुन्हा सांगता? मी लिहून घेते." त्यांनी खणातून वही काढली आणि एक एक पायरी सांगितली.

दुसऱ्या दिवशी परदेशातून उत्तर आलं. त्यांनी वानखेड्यांचे आभार मानले होते, चूक दुरुस्त करतो म्हणून कळवलं होतं आणि पुढच्या खेळाच्या तपासणीत हे गृहस्थ हवेत असं आवर्जून लिहिलं होतं. साठे सरांना त्यांचं कंत्राट वाढवावं लागलं. मला पत्र मिळालं नाही. महिनाअखेरीला उमेदवारी संपली तशी मीही संपले. घरी काय झालं ते लिहीत नाही. बाबा आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि मग बोलले.

शेवटच्या दिवशी वानखेडे मला जिना उतरून खाली रस्त्यापर्यंत सोडायला आले. मला वाटलं होतं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "तू ‘हो’ म्हणाली ना, ते मी विसरणार नाही. त्याच्यानंतरचं पण विसरणार नाही." मग रिक्षा थांबवून दिली. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. नोकरी घालवली, आणि यांचा हिशेब अजून बाकीच!

पाच महिने मी घरी होते. मग दवाखान्यांसाठी कॉम्प्युटरची प्रणाली बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. कंपनी चालवणाऱ्या बाई स्वतः डॉक्टर होत्या. आधीच्या ठिकाणच्या कुणाला तरी विचारायचं म्हणून त्यांनी नाव मागितलं, तर मी साठे सरांचं देऊ शकत नव्हते. वानखेड्यांचं दिलं. नोकरी लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी एकदा डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, "तुमच्या त्या वानखेड्यांनी शिफारस तर अजबच केली. म्हणाले, ‘ही मुलगी माझ्यासमोर खोटं बोललेली आहे. दहा मिनिटांनी स्वतः जाऊन तिनं ते दुरुस्त केलं, त्यात नोकरी गेली. पुन्हा बोलेल असं वाटत नाही. तरी तुम्ही तपासत राहा.’ म्हटलं, एवढं तपासून दिलेलं माणूस मला कुठं मिळणार?"

मी त्याच दिवशी त्यांना फोन केला. म्हटलं, "सर, चांगली मुलगी आहे, एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"चाललं असतं ना," ते म्हणाले. "पण मग तुला माझ्या खोट्यावर नोकरी लागली असती. तुझी तू लागली, ते बरं." आणि लगेच, "तिथं काय काम देऊन राहिले तुला?"

मग आमचं बोलणं कधी तुटलं नाही. वर्षातून दोन-तीनदा फोन, कधी येरवड्याला त्यांच्या घरी जेवण. मागच्या वर्षी वानखेडे गेले. हृदयाचा झटका, रुग्णालयात न्यायलाही वेळ मिळाला नाही. येरवड्याच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. टायपिंगच्या क्लासातले विद्यार्थी आले होते, चाळिशी-पन्नाशीचे. ऑफिसातली पोरं आली होती. एकेक जण उठून त्यांच्याबद्दल चांगलं बोलत होता. माझी पाळी आली तशी मीही उठले. चांगलं बोलायचं तयार करून नेलं होतं. पण समोर त्यांचा फोटो होता आणि मला ते जमेना. मी सांगितलं की मी त्यांच्यासमोर बसून खोटं बोलले होते, त्यांचं कंत्राट त्यामुळं जाणार होतं, आणि त्यांनी टेबलाकडं बघत मला वेळ दिला होता. इतक्या माणसांपुढं, माझं नाव घेऊन, मी हे पहिल्यांदाच सांगत होते.

कार्यक्रम संपल्यावर वानखेडेवहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा हात धरला. डोळे सुजलेले, चेहरा गोंधळलेला.

"त्या सोमवारी ते घरी आले ना, तेव्हा इतकंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "‘आज ऑफिसात एका पोरीनं माझ्यासाठी नोकरी सोडली.’ जेवताना दोनदा म्हणाले." माझा हात त्यांनी सोडला नाही. "तुम्ही खोटं बोलल्या होत्या, हे तं मला त्यांनी कधीच नाही सांगितलं हो."